गोठ्यात नसलेली आजी

नाताळच्या गोठ्यात आजी नसते. मारिया असते, योसेफ असतो, मेंढपाळ असतात, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष उंटांसह उभे असतात. शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत ज्यांचा उल्लेखही नाही असे बैल आणि गाढवदेखील गवतात ऐसपैस बसलेले असतात. बाळाच्या आजीला मात्र तिथे जागा नाही. मारियेची आई संत अ‍ॅना हिचे नाव चारही शुभवर्तमानांत येत नाही. ते आले दुसऱ्या शतकातल्या, बायबलबाहेर राहिलेल्या एका ग्रंथातून. तिचा सणही नाताळपासून लांब, २६ जुलैला, भर पावसात पडतो. गोव्यात तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये त्या सुमारास तवशांचे फेस्त भरते, मूल व्हावे म्हणून जोडपी काकड्या वाहतात. नव्या करारात आजी म्हणून एकच बाई नावानिशी भेटते, तीही एका ओळीपुरती. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात लोईस या आजीचे नाव आहे. तुझ्यात जो विश्वास आहे तो आधी तुझ्या आजीत होता, मग तुझ्या आईत, असे पौल त्या तरुणाला सांगतो. धर्म घराघरांतून कसा पुढे गेला याचा इतका नेमका पत्ता दुसरीकडे क्वचितच सापडेल.

गोठ्यात आजी नसली तरी गोठा मांडणारी घरोघरी तीच असते. कुठे तिला आजी म्हणतात, कुठे मामाय, गोव्यात शामाय. माळ्यावरची पेटी तिच्या देखरेखीखाली खाली येते, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या मूर्ती तिच्यासमोर उलगडल्या जातात आणि बाळाची मूर्ती तेवढी ती आपल्याजवळ ठेवून घेते, कारण मध्यरात्रीच्या मिस्सेआधी ती गवतावर ठेवायची नसते. त्याच्याही दोनेक आठवडे आधी तिने करवंट्यांत किंवा पसरट ताटलीत माती घालून नाचणी नाहीतर गहू पेरलेला असतो. पंचवीस तारखेपर्यंत त्याचे बोटभर हिरवे गवत होते आणि ते गोठ्याच्या अंगणात मांडले जाते. जन्माचा देखावा उभा करण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी मांडलेल्या गोठ्यापर्यंत मागे नेली जाते. ग्रेच्चो हे डोंगरातले गाव. त्या डिसेंबरच्या थंडीत कोवळे गवत कुठून येणार? आपल्या किनाऱ्यावरच्या गोठ्यात ते आहे, कारण या मातीतल्या बायकांना सण म्हटला की धान्य रुजवायचे असते हे आधीपासून ठाऊक होते. नवरात्रात घटाखाली जे उगवते आणि नाताळच्या गोठ्यात जे उगवते त्यांचे नाते सांगायला अभ्यासक लागत नाही.

यंदाच्या नाताळनिमित्त या आजीविषयी लिहावेसे वाटते. सणासुदीला आजीला हार घालून भिंतीवर टांगण्याची आपल्याला सवय आहे. परंपरा जपणारी, जुने ते सांभाळणारी, असे तिचे वर्णन आपण करतो आणि त्यातच तिच्यावर अन्याय करतो. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती घरांचा इतिहास पाहिला तर तिने जपले त्याहून अधिक ठरवले आहे. या सणाचे आजचे रूप तिच्या निर्णयांतून आले आहे.

एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. ज्या घरात नाताळ पहिल्यांदा आला, त्या घरात नाताळ ठाऊक असलेली आजी नव्हती. असणारच कशी? एकोणिसाव्या शतकात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांच्याकडे नवा धर्म होता, नवे गीत होते, ‘ज्ञानोदय’सारखे १८४२ पासून निघणारे मराठी नियतकालिक होते. सण कसा करायचा हे सांगणारे घरात कोणी नव्हते. मिशनच्या बंगल्यावर केक होत असेल, पण केकला भट्टी लागते, आणि भट्टी वस्तीवरच्या घरात नव्हती. चूल होती, कढई होती, आणि करंजीला मुरड घालता येणारे हात होते. पुष्कळ घरांत तर तेही जेमतेम होते, कारण या कुटुंबांतली बहुतेक त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या जातींतली होती आणि तळणाचा सण त्यांच्या वाट्याला आधीच्या जन्मीही फारसा आलेला नव्हता. अशा घरांत कुणा बाईने पहिल्यांदा ठरवले असेल की प्रभूच्या जन्माला करंज्या करायच्या, शंकरपाळे करायचे, दारात रांगोळी घालायची. त्या निर्णयाला कोणत्याही मिशनच्या अहवालात जागा मिळाली नाही. पण आज मराठवाड्यातून नगर-पुण्यापर्यंत मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ म्हटला की फराळाचा डबा येतो, तो त्या निर्णयामुळे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे एका सोवळ्या घरात वाढलेल्या बाईने स्वयंपाक, पाणी, पंगत, विटाळ या एकेका गोष्टीशी स्वतःच्या मनात कसा झगडा केला ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. धर्मांतराचा इतिहास आपण तत्त्वचर्चेत शोधतो. लक्ष्मीबाईंनी तो पाण्याच्या तांब्यापाशी आणून ठेवला. नवऱ्याचा बाप्तिस्मा एका दिवसात झाला, तिच्या स्वयंपाकघराचा व्हायला पाच वर्षे लागली. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले, आणि त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची संपादित आवृत्ती सिद्ध केली. आजीने लिहिलेले नातवाने निगुतीने राखावे असे भाग्य थोड्या घरांना लाभते. बहुतेक आज्या लिहिणाऱ्या नव्हत्या. त्यांनी जे केले ते खाल्ले गेले, गायले गेले आणि संपले.

काही मुलींना तर आजी नव्हतीच. १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांत आईबाप गमावलेल्या मुली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणि इतर आश्रमांत वाढल्या. त्यांचा पहिला नाताळ पंगतीत, शेकडो मुलींसोबत झाला. त्याच मुली पुढे संसाराला लागल्या, आया झाल्या, आज्या झाल्या. ज्यांना मागे कोणी नव्हते त्यांनी पुढच्यांसाठी सण उभा केला. परंपरा ही नेहमी वारशाने मिळते असे म्हणणाऱ्याने या बायकांची आठवण ठेवावी.

किनाऱ्यावरची गोष्ट याहून तीनशे वर्षे जुनी. वसईचा मुलूख १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो जिंकून घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातली मोठमोठी चर्चे कालांतराने ओस पडली, त्यांच्या भिंती आजही पाहता येतात. सण मात्र राहिला. नंदाखाल, निर्मळ, पापडी, गास, भुईगाव या गावांत तो राहिला तो घरांमुळे. लाल चौकड्यांचे लुगडे नेसणाऱ्या कुपारी समाजातल्या आजीला पोर्तुगीज येत नव्हते, तिची बोली सामवेदी. नागलीची भाकर, केळीची बाग, विड्याच्या पानांचे मळे हे तिचे जग. त्या जगात तिने मध्यरात्रीची मिस्सा बसवली. सुरूच्या बनातली फांदी नाताळचे झाड झाली. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांचा आकाशकंदील दिवाळीत होताच, डिसेंबरात त्याला पाच टोके फुटली आणि तो बेथलेहेमचा तारा झाला.

खाण्याच्या ताटाकडे तर लक्ष देऊन पाहावे असे आहे. युरोपात मर्झिपान बदामाचे करतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात ते काजूचे होते. पोर्तुगालात मार्मेलाडा होतो तो क्विन्स नावाच्या फळाचा. ते फळ इथल्या हवेत येत नाही, म्हणून पेरूचा गर साखरेत आटवून पेराद झाला. काजू आणि पेरू ही दोन्ही झाडे अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांबरोबर आली, पण ती ताटात कशी यायची हे जहाजावरच्या कोणी ठरवलेले नाही. कलकलाच्या पिठात नारळाचे दूध घालायचे, दोदोल काळ्या गुळाचा करायचा, बेबिंकाचा एकेक थर वरून निखारे ठेवून भाजायचा हे सारे चुलीपाशी ठरले. बदाम महाग आहे, काजू परसात आहे. लोणी टिकत नाही, नारळ रोजचा आहे. घरात खाणारी तोंडे पंधरा आहेत आणि अंडी मोजकी. या अडचणी ज्यांच्यासमोर होत्या त्यांनी वाट काढली. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा आनंदच आहे. पदार्थाची नोंद झाली. तो घडवणाऱ्या पिढ्यांची नोंद करण्यासाठी असा कोणताही तक्ता नाही.

आणि हा सण डिसेंबरात सुरू होतो असे ज्यांना वाटते त्यांनी मे महिन्यात ईस्ट इंडियन गावठाणात जावे. मनोरी, गोराई, उत्तन, मरोळ, बांद्रा, इथल्या जुन्या घरांत उन्हाळ्यात बाटली मसाला होतो. मिरच्या उन्हात कडकडीत वाळतात, हळकुंडे फुटतात, धने, तीळ, खसखस, राई, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असे वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजले जातात आणि लाकडी उखळात लांब मुसळांनी कुटले जातात. कुटायला बायका येतात, त्यांच्या मुसळांची लय धरून दिवस जातो. मग तो मसाला बिअरच्या गडद काचेच्या बाटल्यांत काठीने दाबून दाबून भरतात, हवा राहू नये म्हणून. कोणता जिन्नस किती आणि किती भाजायचा हे आजीच्या नाकावर ठरते. शेजारच्या घरचा मसाला वेगळा, आत्याच्या सासरचा वेगळा. पंचवीस डिसेंबरच्या दुपारी जे मांसाचे इंद्याल ताटात येते त्याची चव त्या उन्हाळ्यातली असते. वर्षभराचे जेवण चार दिवसांत कुटून ठेवण्याची ही योजकता एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला शोभावी अशी आहे, आणि ती पार पाडणारी बाई स्वतःला अडाणी म्हणवते.

फुगियांचेही तसेच. पीठ पूर्वी ताडीने फुगवायचे, ताडी मिळणे अवघड झाले तसे यीस्ट आले. पीठ आले की नाही हे ती ताटावरचे फडके उचलून वासाने सांगते. मग मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून गोळा वर काढायचा आणि तो तेलात सोडायचा. गोल, पोकळ, सोनेरी. शिकणाऱ्याच्या हातून शेपटी निघते. नातीने किती मूठ, किती वेळ असे विचारले की आजी म्हणते, बघ आणि कर. हे उत्तर टाळण्यासाठी दिलेले नसते. दर दिवशीची हवा वेगळी, पीठ वेगळे, आच वेगळी, तेव्हा आकडा सांगितला तर तो उद्या खोटा ठरेल हे तिला माहीत असते. तिच्याकडचे ज्ञान शेजारी बसूनच घेता येते.

आजीच्या हातातले आणखी एक खाते आहे, ताटांचे. नाताळच्या सकाळी विणलेल्या रुमालाखाली झाकलेली ताटे गल्लीत निघतात. कोणत्या घरी पहिले जायचे, कोणत्या घरी किती, हे ती ठरवते. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले आहे तिथे त्या साली गोड होत नाही, म्हणून तिथे ताट न चुकता आणि सकाळीच जाते. अंडे न खाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी करंज्यांचा एक घाणा आधी, ताज्या तेलात काढलेला असतो. दिवाळीत त्यांच्याकडून चिवडा-चकलीचे ताट आले होते, ईदला शेजारच्या घरातून शेवया आल्या होत्या, तिने ते सारे मनात लिहून ठेवलेले असते. रिकामे ताट परत करायचे नाही हा तिचा नियम, मग त्यात चार पेरू ठेवले तरी चालतील. आज कोणी कोणाच्या सणात सहभागी व्हावे, कोणाला शुभेच्छा द्याव्यात, यावर जाहीर वाद होतात. नाताळच्या सुमारास तर ते ठरल्यासारखे होतात. त्या वादांत भाग घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या लहानपणी अशी ताटे दारात आली होती, असे विचारावेसे वाटते. ज्यांच्या घरी ती आली त्यांना शेजारधर्म शिकवावा लागला नाही. महाराष्ट्रातला नाताळ परका आहे असे जो म्हणतो त्याने वसईच्या एखाद्या वाडीत पंचवीस तारखेची सकाळ काढावी. तिथली प्रार्थना मराठी, भांडण सामवेदी आणि फराळ ओळखीचा.

प्रार्थनेचेही सांगायला हवे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कॅथलिक चर्चमधली मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. त्याआधी वेदीवर लॅटिन होते. आज ज्या आज्या ऐंशी ओलांडून गेल्या आहेत त्यांनी लहानपणी नाताळची मिस्सा न कळणाऱ्या भाषेत ऐकली. घरी आल्यावर मात्र संध्याकाळी दिव्यासमोर जपमाळ चालायची ती आपल्या भाषेत, आणि ती सांगायची आजीच. मुले पेंगायची, ती डोळे मिटून पुढचा मणी सरकवायची. म्हणजे वेदीवर मराठी यायच्या कितीतरी आधी ती ओटीवर होती. आणि त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतल्या रायतूर इथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते मराठी ओवीत. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट पाद्र्याने बेथलेहेमची कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथात गुंफली आणि छंद निवडला तो जात्यावरचाही आणि ज्ञानेश्वरीचाही. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून देण्याचे फर्मान काढले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांतून ग्रंथ टिकला आणि १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. फर्माने निघतात, पुस्तके नष्ट होतात, तरी ऐकलेली कथा कोणीतरी पुन्हा सांगत राहते. ती सांगणाऱ्यांत घरातली म्हातारी माणसे नव्हती असे मानायचे असेल तर आपल्याला आपलीच घरे माहीत नाहीत.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू मांडली नाही तर हा गौरव पोकळ ठरेल. आजीचा नाताळ हा आजीच्या कष्टांचा नाताळ होता. चोवीस डिसेंबरला पूर्वी उपवास असायचा. उपाशी पोटी ती दिवसभर तळणासमोर बसायची, मांस मुरवायची, घर सारवायची, मुलांचे कपडे काढून ठेवायची आणि सर्वांत शेवटी स्वतः तयार होऊन मिस्सेला पोहोचायची. बाकीच्यांची मध्यरात्र पवित्र असे, तिची थकलेली असे. तिच्या हाताखाली राबणाऱ्या सुनांना या सणाची धास्ती वाटत आली आहे आणि ती धास्ती खोटी नव्हती. आजीच्या हातच्या चवीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांपैकी फार थोड्यांनी कधी झारा हाती घेतला. तेव्हा आजची नोकरी करणारी सून कलकल आणि केक विकत आणते म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय ते विकत देणारीही बहुतेक वेळा गावातलीच कोणी गृहिणी असते, डिसेंबरातल्या तीन आठवड्यांत ती मुलांच्या फीचे पैसे उभे करते. आजीचे कसब तिच्या हाती मोलाचे झाले, हे चांगलेच झाले.

काळजी वेगळीच आहे. वसईच्या हिरव्या पट्ट्याचे गेल्या काही दशकांत काय झाले ते सर्वांना दिसते. ती जमीन, ती विहीर, ती झाडी वाचावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले, मार खाण्याची तयारी ठेवून लढले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले हे धर्मगुरू २०२४ च्या जुलैत गेले. आपल्या लेखनातून ते सतत सांगत राहिले की इथला ख्रिस्ती माणूस या मातीचा आहे. ती माती आता इमारतींखाली जात आहे. अंगण गेले तर मिरच्या कुठे वाळवायच्या? सदनिकेत उखळ ठेवले तर खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. कलकल करायला दहा जण गोल करून बसायचे, एकेकाच्या हाती काटा नाहीतर नवा कंगवा, त्यावर पिठाची गोळी दाबून वळायची, आणि गप्पांत कुटुंबाचा इतिहास निघायचा. कोण कोणाचे काय लागते, कोणाची शेती कशी गेली, कोणत्या काकाने कोणत्या जहाजावर नोकरी केली. दहा जण बसतील एवढी फरशीच उरली नाही, आणि त्यातले सहा जण आता कॅनडा, ऑस्ट्रेलिया नाहीतर आखातात असतात. चोवीस तारखेला फोनच्या पडद्यावर आजी दिसते, ती तिथल्या पिठाचा पोत पाहू शकत नाही, आणि वास तर पोहोचतच नाही. तरी तिकडे टोरांटोत कोणी नात काजू वाटत असते, हे ऐकून जीव सुखावतो. तिथे काजू महाग पडला आणि तिने उद्या दुसरेच काही वापरले तर आजीच्याच वाटेने ती गेली असे समजावे. शुद्धतेच्या नावाने तिला कोणी अडवू नये.

शहरांतल्या मॉलमध्ये नोव्हेंबरपासून प्लास्टिकची झाडे उभी राहतात, कापसाचा बर्फ पसरतो, लाल टोप्या विकल्या जातात. मराठी मध्यमवर्गाची मुले ‘ख्रिसमस’ ओळखतात ती तिथून. त्यांना आपल्याच राज्यातला नाताळ ठाऊक नसतो, आणि याचा दोष मुलांचा नाही. पाठ्यपुस्तकांत, मालिकांत, दिवाळी अंकांत मराठी बोलणारी, करंज्या करणारी ख्रिस्ती आजी किती वेळा भेटते? तिला तिथे आणण्याचे काम लेखकांचे आणि संपादकांचे आहे, आमचेही आहे. वसई-विरारच्या धर्मग्रामांनी, ईस्ट इंडियन मंडळांनी, मराठी विभाग असलेल्या महाविद्यालयांनी या पिढीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. जपमाळेच्या जुन्या चाली, सामवेदीतली नाताळगीते, मसाल्यांची मापे, ताटांचे नियम, सारेच. काही ठिकाणी ते सुरूही आहे, पण ते एखाद्या हौशी माणसाच्या खिशातून चालते. नव्वदी गाठलेल्या आजीजवळ फार नाताळ उरलेले नसतात, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

घरच्यांनी मात्र कोणत्याही संस्थेची वाट पाहू नये. या आठवड्यात ती दमलेली असेल, पाहुणे असतील, तिला प्रश्न विचारायची ही वेळ नव्हे. तिच्या हातातला झारा घ्यावा आणि तिला मिस्सेआधी तासभर पडू द्यावे. खरे काम मे महिन्यात आहे. मिरच्या उन्हात पडतील त्या दिवशी घरातल्या तरुणांनी, आणि मुलग्यांनी तर नक्कीच, रजा काढावी, तिच्या शेजारी बसावे, प्रत्येक मूठ ताजव्यात घालून वहीत लिहावी, आणि लिहून झाले की मुसळ आपल्या हाती घ्यावे.